सिंगापूरचा चढ

माझ्या थोरल्या साडूंना पृथ्वी गोल आहे हे मान्य होतं, ती स्वतःभोवती फिरते हेही त्यांनी फारशी कटकट न करता मान्य केलं होतं. पण तिच्या पाठीवरचं एखादं ठिकाण लांब आहे, ही गोष्ट मात्र त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकून घेतली नाही. 'लांब' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "पुण्याला बदली झाली हो, फार लांब पडतं," असं कुणी सहज म्हणालं, की साडूभाऊ पान जुळवता जुळवता थांबायचे, त्याच्याकडे कीव आल्यासारखे बघायचे आणि म्हणायचे, "विमानाला आठ मिनिटं." बोलणाऱ्याकडे विमान नाही, त्यांच्याकडे नाही, सबंध लोणावळ्यात कुणाकडेही नाही, या गोष्टीला त्यांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. विमानाला आठ मिनिटं म्हणजे आठ मिनिटं. उरलेला वेळ माणसाच्या आळसात जातो, असं त्यांचं म्हणणं होतं.

स्वतः ते कधी विमानात बसले नव्हते. पश्चिमेला मुंबई आणि पूर्वेला सोलापूर, एवढाच त्यांचा प्रत्यक्ष मुलूख. पण खंडाळ्याला मुंबईच्या धनिकांचे जे बंगले आहेत, त्यांतल्या पाच-सहा बंगल्यांची देखरेख त्यांच्याकडे होती, आणि त्या बंगल्यांचे मालक सारखे कुठं ना कुठं उडत असायचे. ते हवा खायला खंडाळ्याला आले, की त्यांच्या सामानातून विमानकंपन्यांची वेळापत्रकं, नकाशे, बॅगांना बांधायच्या चिठ्ठ्या, पिशव्या असं काय काय बाहेर पडायचं आणि मालक परत गेले की ते सगळं साडूभाऊंच्या घरी यायचं. आमच्या अक्का, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, बाजारातून मेथीची जुडी आणायच्या ती हाँगकाँगच्या पिशवीतून. दाराच्या किल्लीला बँकॉकची चिठ्ठी बांधलेली असायची. दळण गिरणीत जायचं त्या डब्यावर तेहरान असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि गिरणीवाला खुशाल ओरडायचा, "तेहरानचं बाजरीचं दळण झालं, न्या!"

वेळापत्रकांचं वाचन ते रोज सकाळी, दाढी झाल्यावर, देवपूजेच्या आधी करायचे. त्यांच्या तोंडी कायम कुठली तरी दोन शहरं असायची आणि ती शहरं हटकून आशिया खंडातली असायची. युरोप-अमेरिकेला त्यांनी कधी जवळ केलं नाही. "तिकडं जाणारे पुष्कळ आहेत, आपण आपला खंड आधी नीट बघावा," असं ते म्हणत. बघायचं म्हणजे अंतर सांगायचं. आणि अंतराची मापंही त्यांची स्वतःची होती. कलकत्ता ते रंगून म्हणजे तुरीची डाळ शिजेपर्यंत. रंगून ते बँकॉक म्हणजे एक विडा, सावकाश चघळला तर. कराची ते तेहरान म्हणजे जेवणानंतरची एक झोप, आणि टोकियोला जायचं तर दोन झोपा, मधे चहा. स्टेशनाबाहेरचे टांगेवाले गिऱ्हाईक नसलं की मुद्दाम त्यांना हाक मारायचे. "भाऊ, जपान किती झोपा?" त्यांना चेष्टा करायची असायची. साडूभाऊ मात्र सायकलवरून पाय खाली टेकवून, वारा कुठल्या बाजूचा धरायचा हे आधी विचारून, मगच उत्तर द्यायचे.

या स्वभावामुळे त्यांच्याबरोबर पायी कुठं जाणं म्हणजे संकट होतं. कामशेतच्या पुढं वडिवळ्याला भिकाआबा म्हणून एक भातशेती करणारे म्हातारे होते. आमच्या दोन्ही घरांचा आंबेमोहोर वर्षानुवर्षं त्यांच्याकडून यायचा. त्यांच्या नातवाच्या लग्नाचं आम्हाला बोलावणं आलं. आबांनी कामशेत स्टेशनावर बैलगाडी पाठवतो असं कळवलं, तर साडूभाऊंनी उलट निरोप धाडला, की गाडीची गरज नाही, जवळच तर आहे. आगगाडीतून उतरून आम्ही चालायला लागलो तेव्हा सकाळची कोवळी उन्हं होती. दर वळणावर साडूभाऊ म्हणत होते, "हे काय, आलंच. विमानाला मिनिट लागत नाही." माझ्या बायकोची चप्पल तुटली, अक्का एका बांधावर बसल्या त्या उठेनात, आणि मुलांनी रडायला सुरुवात केली तरी ते मिनिट काही संपलं नाही. आम्ही मांडवात पोचलो तेव्हा पंगती उठून खरकटी काढणं चाललं होतं. भिकाआबा कपाळाला हात लावून म्हणाले, "आवं भाऊ, इमान हितं येत न्हाई. गाडी येत व्हती, ती तुमीच नगं म्हनला. आता बसा तितं, भाकरी हाय का बघतो." साडूभाऊ शांतपणे पाय धुवायला निघून गेले. जाता जाता मला म्हणाले, "चुकलं कुठं? अंतर मी बरोबरच सांगितलं होतं."

मी लोणावळ्याच्या शाळेत भूगोल शिकवायचो. त्यामुळं आमचं मेतकूटही होतं आणि भांडणही होतं. शाळेत एक पृथ्वीचा गोल होता आणि मधल्या सुट्टीत साडूभाऊ तो मोजायला यायचे. मोजायला त्यांच्या खिशात पायजम्याची एक कोरी नाडी असायची. दुसरी कुठली दोरी त्यांना चालत नसे. सुतळी जाड, दोरा तुटतो, नाडीच काय ती भरवशाची. गोलावर ते एक टोक मुंबईवर धरायला मला सांगत आणि दुसरं टोक स्वतः ओढत ओढत मनिलापर्यंत नेत. आता नाडी म्हटली की ती ताणली जाणारच. साडूभाऊंच्या अंगात जोर होता, त्यामुळं त्यांनी मोजलेलं जग नेहमी खऱ्यापेक्षा लहान भरायचं. मी हे त्यांच्या लक्षात आणून दिलं, तर ते म्हणाले, "मास्तर, सैल धरून कुणी जग मोजतं का?" एकदा वर्गात मुलांसमोरच त्यांनी मला हा प्रश्न टाकला आणि सगळी पोरं त्यांच्या बाजूची झाली.

पण त्यांच्या सगळ्या विद्येचा कळस म्हणजे त्यांचा घाटाचा सिद्धांत. तो मला नीट सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. मुंबई–सिंगापूर मार्गाचं एक वेळापत्रक त्यांना मिळालं होतं. त्यात लिहिलं होतं, की विमान मुंबईहून सकाळी नऊला निघतं आणि सिंगापूरला संध्याकाळी पाचला पोचतं. म्हणजे आठ तास. परतीचं विमान सिंगापूरहून सकाळी नऊला निघतं आणि दुपारी एकला मुंबईत उतरतं. म्हणजे चार तास. विमान तेच, रस्ता तोच, मग जायला आठ आणि यायला चार का? हे कोडं दुसऱ्या कुणाला पडलं असतं तर त्यानं चार लोकांना विचारलं असतं. साडूभाऊ खंडाळ्याचे. ज्या माणसानं जन्मभर कर्जतहून वर चढणाऱ्या गाड्या बघितल्या, मागून ढकलणारी इंजिनं लावूनही त्या कशा धापा टाकत येतात ते ऐकलं, त्याला विचारायची गरजच काय! त्यांनी त्याच दिवशी जाहीर करून टाकलं, की मुंबईहून सिंगापूरला जाताना आकाशात चढ आहे आणि येताना उतार आहे.

खरी गोष्ट अशी, की सिंगापूर आपल्या पूर्वेला, तिथं सूर्य आपल्या आधी उगवतो, म्हणून तिथली घड्याळं तेव्हा आपल्यापेक्षा दोन तास पुढं असत. जायला सहा तास लागतात आणि यायलाही सहाच. वेळापत्रकात ज्या त्या गावचं घड्याळ छापलेलं असतं, एवढाच तो घोळ. मी त्यांना कंदील आणि गोल घेऊन हे समजावलं. गोल फिरवला, सावली दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, मी पुण्याला जातो तेव्हा घड्याळ बदलतो का?" मी म्हटलं, नाही. "सोलापूरला? कलकत्त्याला? तिथंही तेच वाजलेले असतात ना? एवढा सगळा हिंदुस्थान ओलांडून जाईपर्यंत सूर्य गप्प राहतो आणि समुद्र लागला की एकदम दोन तास पुढं पळतो? त्यापेक्षा चढ आहे म्हणा की सरळ!" देशभर एकच वेळ का, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात शाळेची घंटा झाली आणि ते विजयी मुद्रेनं सायकलवर बसले. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

रेल्वेतले एक निवृत्त गार्ड आमच्या आळीत राहायचे. त्यांनी वेगळाच आक्षेप काढला. ते म्हणाले, "उतारावर गाडी काही पळत येत नाही साहेब. ब्रेक दाबत दाबत, चढापेक्षाही जपून आणावी लागते." साडूभाऊ मग म्हणाले, "गाडीखाली दरी असते, तिला जपावं लागतं. विमान आधीच दरीवर असतं. ते कशाला जपेल?" गार्डसाहेबांनी हात टेकले. त्यानंतर आमच्या आळीत तरी तो सिद्धांत पक्का झाला. माझ्याच वर्गातल्या एका मुलानं सहामाहीच्या पेपरात तो लिहिला आणि मला त्याला शून्य द्यावं लागलं. साडूभाऊ त्या मुलाला चिक्की देऊन आले.

एवढं सगळं गमतीत चाललं होतं ते कुसुमचं लग्न निघेपर्यंत.

कुसुम ही त्यांची एकुलती एक मुलगी. शांत, हसरी, आणि जेवायला बसली की घरातली सगळी उठली तरी हिचं अजून ताक-भात बाकी, अशी सावकाश. तिला तळेगावचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला होता, घरचे लोक चांगले होते, पत्रिका जुळत होती, आणि विशेष म्हणजे कुसुमला तो मनापासून आवडला होता. अडचण एकच. मुलगा सिंगापूरला एका कापडाच्या पेढीत नोकरीला होता आणि लग्नानंतर तिला घेऊन तिकडंच जाणार होता. रजा थोडी होती, होकार-नकार आठ दिवसांत कळवायचा होता. साडूभाऊंचा आनंद काय वर्णावा! आशिया खंड स्वतःहून त्यांच्या दारी पान-सुपारी घेऊन आला होता. ते अक्कांना म्हणाले, "सिंगापूर म्हणजे काय, पुण्याला साठ वेळा जाण्याएवढं. साठ वेळा तर आपण गेलोच असू." अक्का ताक घुसळत होत्या. रवीची दोरी हातातून न सोडता त्या म्हणाल्या, "मुलगी द्यायची नाही."

अक्का फारशा बोलायच्या नाहीत. पण एकदा बोलल्या की ते दगडावरची रेघ. दोन दिवस सगळ्यांनी समजूत काढली. माझी बायको रडून आली. कुसुमनं आईला स्पष्ट सांगितलं, "आई, मला जायचंय." अक्का म्हणाल्या, "जा म्हणायला माझं काय जातं? तुला परत कोण आणणार?" तिसऱ्या दिवशी मी आणि माझी बायको तिथंच बसलो असताना साडूभाऊंनी पुन्हा विमानाचा विषय काढला आणि अक्का पहिल्यांदा माझ्यासमोर त्यांच्यावर कडाडल्या.

"तुमचं विमान मला सांगू नका. माझं माहेर घाटाखाली. खंडाळ्याच्या टोकावर उभं राहिलं की तिकडचे डोंगर दिसतात. आई अंथरुणाला खिळली म्हणून तार आली, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता, आठवतंय? विमानाला चार मिनिटं! नदीला पूर आला होता. मी पलीकडच्या काठावर धर्मशाळेत तीन दिवस बसून होते. समोर गाव दिसत होतं. आई वाट बघून बघून गेली. चार मिनिटांवरच्या माहेराला मी पोचले नाही, आणि हिला तुम्ही समुद्रापलीकडं धाडताय. उद्या मी पडले तर ही यायची कशी?"

साडूभाऊंचा हात पानाच्या डब्यावरून मागं आला. माझी बायको मान खाली घालून बसली होती, कारण ती आई तिचीही होती. पानाचा डबा उघडा तसाच राहिला. साडूभाऊ उठून बाहेर गेले आणि पायरीवर जाऊन बसले. मला वाईट वाटलं. चेष्टा करायला हा माणूस मला फार आवडायचा, पण असा एकटा बसलेला बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, स्वच्छ धोतर नेसून, हातात ते वेळापत्रक घेऊन ते थेट स्वयंपाकघरात गेले. मी दूध पोचवायला म्हणून गेलो होतो. अक्का तांदूळ निवडत होत्या. साडूभाऊंनी पाट ओढला, समोर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा वाद घालायच्या आवाजात न बोलता साध्या आवाजात बोलले.

"तू म्हणतेस ते खरं आहे. जाण्याचं मी बोलतो, येण्याचं कधी बोललो नाही. आता येण्याचं बोलतो. हे बघ, छापलेलं आहे. जायला आठ तास लागतात, चढ आहे. पण यायला चारच. पोरीचं सासर चढावर आहे आणि माहेर उतारावर आहे. तिला तार मिळाली, की सकाळी तिथं चहा घेऊन निघेल आणि दुपारी मुंबईत असेल."

अक्कांचा हात सुपात थांबला. "मधे नदी?"

"समुद्र आहे. पण विमान वरून जातं."

"समुद्राला पूर आला तर?"

"समुद्राला पूर येत नसतो गं."

अक्कांनी वर बघितलं, पण त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. "मास्तर, तुम्ही शाळेत हेच शिकवता. देवाशपथ सांगा. विमान तिथून नऊला निघून एकला मुंबईत येतं?"

आता माझी परीक्षा होती, आणि मी ती झकास दिली असं मी आजही म्हणेन. कुसुम दाराआड उभी होती, तिची बोटं चौकटीवर दिसत होती. साडूभाऊ माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, इतका त्यांचा स्वतःवर विश्वास. मी वेळापत्रक हातात घेतलं, चष्मा लावला, ती ओळ मोठ्यानं वाचली आणि म्हणालो, "अक्का, नऊला निघतं आणि एकला उतरतं. छापलेलं आहे." यातला शब्दन् शब्द खरा होता. अक्कांनी सुपातले खडे बाजूला टाकले, पदरानं हात पुसले आणि म्हणाल्या, "मग कळवा त्यांना." दाराआडची बोटं दिसेनाशी झाली.

लग्न लोणावळ्यालाच झालं. भिकाआबा भाताचं पोतं बैलगाडीत घालून स्वतः आले. आणि पुढं दोन आठवड्यांनी आम्ही सगळे कुसुमला पोचवायला सांताक्रूझच्या विमानतळावर गेलो. साडूभाऊंचा थाट असा होता, की जणू विमानतळ त्यांच्याच देखरेखीखाली आहे. हमालाला त्यांनी बँकॉकचा मार्ग सांगितला. एका गोऱ्या बाईला ती कुठं निघाली आहे ते विचारून किती वेळ लागेल तेही सांगून टाकलं. मग कुसुमचं सामान तोलायला लावलं आणि आम्ही उभे राहिलो. समोरच्या भिंतीवर ओळीनं घड्याळं लावली होती आणि प्रत्येकाखाली एकेका गावाचं नाव होतं. मुंबईच्या घड्याळात आठ वाजायला आले होते. त्याच्या शेजारी सिंगापूरचं घड्याळ होतं आणि त्यात दहा वाजायला आले होते.

साडूभाऊंचं तिकडं लक्ष गेलं. ते बोलता बोलता थांबले. मुंबईच्या घड्याळाकडे बघितलं, सिंगापूरच्या घड्याळाकडे बघितलं, पुन्हा मुंबईच्या. दोन्हींचे मिनिटकाटे एकदमच पुढं सरकले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी आयुष्यभर ज्या क्षणाची वाट बघत होतो तो क्षण आला असूनही मला त्यांच्याकडे बघवलं नाही. मी हमालाशी काहीतरी बोलायला लागलो. उतार नव्हता. जायला सहा आणि यायलाही सहाच. पोर वाकून नमस्कार करत होती, आणि ज्या आधारावर तिला आईनं सोडलं होतं तो आधार समोरच्या भिंतीवर मोडून पडला होता.

अक्कांनी विचारलं, "आता किती वाजता पोचेल म्हणायची?"

"पाचला," साडूभाऊ म्हणाले. त्यांनी घसा खाकरला आणि नेहमीपेक्षाही मोठ्यांदा सांगितलं, "आठ तास. चढ आहे ना! येताना बघ, चारच."

गच्चीवरून आम्ही विमान सुटताना बघितलं. ते नाक वर करून चढायला लागलं, तसं साडूभाऊंनी बोट दाखवलं, "बघ, कसं चढतंय." अक्का डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "दमेल हो बिचारं." विमान दिसेनासं झालं तरी साडूभाऊंचं बोट तसंच वर होतं. माझ्या बायकोनं हलकेच तो हात खाली घेतला.

त्यानंतर साडूभाऊ तसे फारसे बदलले नाहीत. खंडाळ्याचे बंगले होते, सायकल होती, टांगेवाल्यांना जपानची झोप सांगणं चालूच होतं. फक्त शाळेत ते नाडी घेऊन येईनासे झाले, आणि मी होऊन कधी बोलावलं नाही. पुढच्या सुगीला भिकाआबा भात घेऊन आले, ओटीवर टेकले आणि म्हणाले, "भाऊ, पोर शिंगापुराला दिली, चांगलं केलंत. पन लय लांब आसंल न्हाई?" आम्ही सगळे साडूभाऊंच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी आबांना तंबाखू दिली, स्वतः चुन्याची डबी उघडली आणि म्हणाले, "व्हय आबा. लांब आहे." आबा मान हलवत राहिले. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र तिथं बसवेना, मी उठून चालू लागलो.

कुसुमचं बरं चाललं होतं. पत्रं यायची, फोटो यायचे. यायचं मात्र जमत नव्हतं. आज पेढीचं काम, उद्या तान्हं मूल. अशातच एकदा शाळेच्या सुट्टीत सकाळी दहाच्या सुमाराला मी काही कामासाठी त्यांच्याकडे गेलो, तर साडूभाऊ पाटावर बसून वरण-भात जेवत होते. दहा वाजता! जो माणूस साडेबाराच्या आत जेवणाच्या पानाला शिवत नसे, तो! मी म्हटलं, "काय हो, कुठं गावाला निघालात की काय?"

अक्का आत होत्या. साडूभाऊंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "तिकडं आता बारा वाजले. जावई पेढीवर असतात. ती एकटीच बसत असेल जेवायला. म्हटलं, तिच्याबरोबर बसावं." मग आणखी हळू आवाजात, "हिला काही बोलू नका, मास्तर. हिला सांगितलंय, की मला हल्ली लवकर भूक लागते. दोन तासांचं ते हिला कळलं, तर उताराचंही कळेल."

इतक्या वर्षांत हा माणूस माझ्यासमोर एकदाही हरला नव्हता, आणि आता हरला होता, तर मी "नाही सांगत" एवढंच म्हटलं. तेवढ्यात अक्का तुपाची वाटी घेऊन बाहेर आल्या. त्यांनी भातावर तूप वाढलं, पान जवळजवळ रिकामं झालेलं बघितलं आणि म्हणाल्या, "इतकी घाई करू नका. ती सावकाश जेवते."

साडूभाऊंचा घास हातातच राहिला. अक्कांनी आम्हा दोघांकडे बघितलंसुद्धा नाही. घड्याळांच्या त्या भिंतीसमोर त्याही उभ्या होत्या, आणि त्यांनाही वेळ वाचता येत होती, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. वाटी खाली ठेवून त्या मला म्हणाल्या, "मास्तर, तुम्हालाही वाढू?"

मी घरून भरपेट न्याहारी करून आलो होतो. पण हात धुतले आणि साडूभाऊंच्या शेजारी पाट ओढून बसलो. आम्ही बराच वेळ जेवत होतो.